एरंडेलावर चाललेली इंजिनं

मोटारसायकलच्या शर्यतींवरचा माहितीपट कितीही चांगला काढलेला असो, त्यातून एक गोष्ट सुटतेच. ती म्हणजे वास. आवाज येतो, वेग कळतो, वळणावर स्वाराचा गुडघा रस्त्याला घासताना दिसतो. पण जुन्या रेसिंग गाडीच्या मागे हवेत जो गोडसर, जड, किंचित करपट वास रेंगाळतो, तो पडद्यावर येत नाही. इंग्लंडातले जुने रेसिंगवाले त्या वासावर आजही जीव टाकतात. तो वास एरंडेलाचा. वऱ्हाडात ज्याच्या घरी आजीने एरंडी उकळली असेल त्याला तो ओळखायला इंग्लंडात जावं लागत नाही. पहिल्या महायुद्धातली कितीतरी लढाऊ विमानं या तेलावर उडाली, शर्यतीच्या फटफट्या या तेलावर पळाल्या, आणि या सगळ्याच्या आधीपासून आमच्या बैलबंड्यांचे आख याच तेलावर फिरत होते. विमानाचा इतिहास लिहिणारे बंडीबद्दल बोलत नाहीत आणि शेतीचा इतिहास लिहिणारे विमानाकडे बघत नाहीत. मी गॅरेजवाला, मला दोन्हीकडचं वंगण हाताला लागलेलं आहे.

मी शेलूबाजारचा. मंगरूळपीर तालुक्यातलं, कारंजा-मालेगाव रस्त्यावरचं गाव. समृद्धी महामार्गाचा फाटा आता इथे आहे, पण त्या महामार्गावर दुचाकीला बंदी. त्यामुळे नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारे मोठ्या मोटारसायकलवाले अजून आमच्या जुन्या रस्त्यानंच जातात. चेन सैल झाली, क्लचची वायर तुटली, की माझ्याकडे थांबतात. रात्री शटर अर्धं खाली ओढल्यावर आमची बैठक भरते. एक काका वायुसेनेतून इंजिन फिटर म्हणून निवृत्त झालेले, एक सोयाबीनवाला शेतकरी मित्र ज्याने आपली राजदूत फटफटी अजून विकलेली नाही, आणि कॉलेजातली दोन पोरं. काकांना जुनी विमानं, मला शर्यती, पोरांना दोन्ही. १९७१ चा ‘ऑन एनी संडे’ आम्ही बघितला, ‘फास्टर’ बघितला, आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीवरचा ‘क्लोजर टू द एज’ तर पोरांना तोंडपाठ आहे. एका रात्री विमान, दुसऱ्या रात्री फटफटी, असा आमचा करार. हे दोन वेगळे विषय नाहीत हे आम्हाला ज्या रात्री कळलं, त्या रात्री पडद्यावर सॉपविथ कॅमल होतं.

कॅमल हे १९१७ साली लढाईत उतरलेलं ब्रिटिश लढाऊ विमान. ५ हजारांच्या वर बांधली गेली. त्याचं इंजिन ज्याने कधी बघितलं नाही त्याला ते खोटं वाटेल. आपल्या गाडीत सिलिंडर जागेवर असतो आणि क्रँकशाफ्ट फिरतो. इथे उलटं. क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का आवळलेला, आणि नऊ सिलिंडरांचं आख्खं इंजिन पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरणारं. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी ‘नोम’ नावाने हे इंजिन १९०९ च्या सुमारास विमानांसाठी बाजारात आणलं. फायदा उघड होता. सिलिंडर स्वतःच फिरतात म्हणजे वारा स्वतःच घेतात, पाणी नको, रेडिएटर नको, वजन कमी. त्या काळच्या लाकूड-कापडाच्या विमानाला तेच हवं होतं.

अडचण वंगणाची होती. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग सिलिंडरकडे जातं. राजदूत, लूना, आरएक्स ज्याने खोलली आहे त्याला हे लगेच कळेल, टू-स्ट्रोकमध्येही मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येतं. आता जमिनीतून निघालेलं खनिज तेल पेट्रोलात चटकन विरघळतं. बेअरिंगवर बसलेला त्याचा पापुद्रा पेट्रोल धुऊन नेणार, आणि मग धातूवर धातू घासून इंजिन जाम. एरंडेलाचं तसं नाही. ते अल्कोहोलात विरघळतं, पेट्रोलात सहजासहजी विरघळत नाही. त्यातला जवळपास नऊ दशांश भाग रिसिनोलिक आम्लाचा, आणि त्या रेणूची एक बाजू धातूला धरून बसते. म्हणून ते घट्ट आहे, तापलं तरी पटकन पातळ होत नाही आणि धातूवरून हलत नाही.

हे सगळं मी समजावत होतो तेव्हा काका मध्येच म्हणाले, “अरे भाऊ, हे इंजन घान्यावानी फिरते, तं त्याले तेल बी घान्याचंच लागन ना!” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

हे तेल इंजिनात परत येत नसे. एकदा फिरलं की जळून, उडून बाहेर. एका तासाच्या उड्डाणात कित्येक लिटर एरंडेल हवेत जायचं, आणि त्यातलं बरंचसं मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर. गळ्यातला रेशमी रुमाल चष्मा पुसायच्या कामी यायचा. तेलाचे कण श्वासावाटे, तोंडावाटे पोटात जात आणि पुढे जे व्हायचं ते होत असे, हे त्या काळच्या वैमानिकांच्या आठवणींत येतं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड हा आपल्याकडचा वाक्प्रचार. ती पोरं तो प्रत्यक्षात जगत होती, वर समोरून गोळ्या येत असताना.

त्यांत आपलीही पोरं होती. हरदित सिंग मलिक, रावळपिंडीचे, ऑक्सफर्डला शिकलेले. २८ व्या स्क्वाड्रनमध्ये ते कॅमलच उडवत. ऑक्टोबर १९१७ मध्ये जर्मन विमानांनी त्यांना घेरलं, पायात गोळ्या घुसल्या, विमानाची चाळण झाली, तरी ते वाचले आणि पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले. दुसरे मुंबईचे, आपले मराठी, लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेले. ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवत. त्याचं इंजिन फिरतं नव्हतं, पाण्याने थंड होणारं होतं. जून १९१८ मध्ये त्यांचं विमान पाडलं गेलं, जर्मनांच्या ताब्यात असताना ३० जूनला त्यांचा मृत्यू झाला. फ्रान्समधल्या हँगार्ड गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. महाराष्ट्रात किती जणांना हे नाव ठाऊक आहे? आमच्या बैठकीत एकालाही नव्हतं, वायुसेनेत उभी नोकरी केलेल्या काकांनाही नव्हतं. शाळेच्या पुस्तकात या माणसाला चार ओळी मिळायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

तर, हजारो इंजिनं आणि प्रत्येकाला लिटरांनी एरंडेल. ते आणायचं कुठून? त्या काळी जगात एरंडीचा सगळ्यात मोठा पुरवठादार भारत होता. मुंबई इलाखा, मद्रास इलाखा आणि निजामाचं राज्य इथली एरंडी बंदरांतून युरोपला जात असे. युद्धाआधी ती साबणाला, कातड्याला, औषधाला लागे; युद्धात तिचा दर्जाच बदलला, ती लष्करी माल झाली. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिलाही हे तेल हवं झालं. भारतातलं बियाणं आणून त्यांनी फ्लोरिडाच्या बाजूला एरंडी लावायला घेतली, आणि एकूण लागवडीचा बेत थोडाथोडका नाही, सुमारे १ लाख एकरांचा होता. पण दमट हवेत घडांवर राखाडी बुरशी आली आणि फ्लोरिडातलं पीक बसलं. आमचा शेतकरी मित्र हे ऐकून गंभीर झाला. सरकारच्या हुकमाने पीक लावता येतं, पण हवामान हुकूम ऐकत नाही, हे त्याला कोणी शिकवायची गरज नाही.

वऱ्हाडात एरंडी कधीच मुख्य पीक नव्हती. इथे कापूस आणि ज्वारी. एरंडी शेताच्या धुऱ्यावर, उकिरड्याच्या कडेला, नाहीतर भाजीच्या वाफ्याला सावली म्हणून. पण तिच्यावाचून घर चालत नव्हतं. आमच्या आजीचं तेल काढणं मला नीट आठवतं. वाळलेली बोंडं अंगणात उन्हात पसरली की दुपारी ती आपोआप फुटायची, बी उडून भिंतीला लागायची. तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, गुळगुळीत बी. ती खापरात हलकी भाजायची, उखळात कुटायची, आणि तो लगदा गंजातल्या उकळत्या पाण्यात सोडायचा. मग चुलीशी बसून राहायचं. हळूहळू वर फेस येतो, फेसाखाली पिवळसर तेल जमतं. आजी ते पळीने अलगद वरच्यावर काढून दुसऱ्या भांड्यात घ्यायची आणि पुन्हा विस्तवावर ठेवायची, कारण त्यात पाण्याचा अंश राहतो. तेल तडतडायचं थांबलं म्हणजे पाणी गेलं. ती भांड्याकडे बघतसुद्धा नसे, पाठमोरी काम करत असे आणि आवाज थांबला की उठत असे. उरलेला चोथा झाडांच्या बुडाशी जायचा. गुरांना तो चालत नाही, बीमध्ये विष असतं, ते तेलात उतरत नाही पण चोथ्यात राहतं. लहान पोरांना आम्हाला बीला हात लावायची मनाई होती.

ते तेल बाळाच्या टाळूला, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला, वर्षाच्या तुरीच्या डाळीला किडा लागू नये म्हणून, काजळाच्या दिव्याला. आणि बंडीला. लाकडी चाक, लोखंडी आख. मध्ये कोरडं राहिलं की चाक मैलभर किंचाळत जायचं. गाडीवान बांबूच्या नळ्यात वंगण बाळगत, चाक उतरवून आखाला माखत. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी तर हे काम मालक दुसऱ्या कोणाला करू देत नसे. कुठला भाग किती माखायचा, किती जास्त झालं तर धूळ धरते, याची त्याची अक्कल होती. शर्यतीच्या आदल्या रात्री स्वतः आपल्या गाडीचं तेल बदलणारा रेसर मी माहितीपटात बघतो तेव्हा मला पटावरचा तो मालक त्याचा सख्खा भाऊ वाटतो.

आगगाडी आली तेव्हा तिलाही हेच तेल लागलं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. त्या काळात आपल्याकडच्या रेल्वेत चाकांच्या वंगणाला आणि दिव्यांना एरंडेल वापरत. खनिज तेल आणि रॉकेल स्वस्त झाल्यावर ते मागे पडलं.

युद्ध संपलं, आणि एरंडेल विमानातून फटफटीत आलं. खरं तर तिथे ते आधीपासूनच होतं. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल घातलेलं ‘कॅस्ट्रॉल’ काढलं ते विमानं आणि मोटारी दोन्हींसाठी. पण युद्धानंतर विमानांचं तंत्र, विमानांचे कारागीर आणि विमानांचं तेल असं सगळंच शर्यतीकडे वळलं. म्युनिकमध्ये १९२१ ते १९२५ या काळात ‘मेगोला’ नावाची फटफटी बनत होती. तिच्याबद्दल आम्ही कितीतरी रात्री बोललो असू. तिचं पाच सिलिंडरांचं इंजिन पुढच्या चाकात बसवलेलं होतं आणि विमानाच्या इंजिनासारखं ते चाकाबरोबरच फिरायचं! क्लच नाही, गिअर नाही. थांबायचं तर इंजिन बंद, निघायचं तर ढकला. सिग्नलवर उभं राहायची सोय नसलेली ही गाडी १९२४ ची जर्मन अजिंक्यपद शर्यत जिंकून गेली. म्युनिकमध्येच बीएमडब्ल्यू विमानाची इंजिनं करत होती. व्हर्सायच्या तहाने जर्मनांवर विमानबंदी आली, आणि १९२३ मध्ये त्यांनी आर-३२ ही पहिली मोटारसायकल काढली. त्याच बीएमडब्ल्यूवर गेऑर्ग मायरने १९३९ ची सीनियर टीटी जिंकली, परक्या देशाचा माणूस परक्या देशाची गाडी घेऊन ती पहिल्यांदाच जिंकत होता. दोन-अडीच महिन्यांत दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि दोन्ही देश पुन्हा आकाशात लढू लागले.

लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून जो माणूस प्रसिद्ध आहे तो पुढे नाव बदलून ब्रिटिश वायुसेनेत साधा शिपाई झाला होता. १९२७-२८ मध्ये तो तेव्हा आपल्याकडे असलेल्या कराचीत नोकरीला होता. त्याने आपल्या ब्रफ सुपीरियर फटफटीवर, इंग्लंडात, ब्रिस्टॉल फायटर विमानाशी रस्त्यावरून शर्यत लावल्याचं स्वतः लिहून ठेवलंय. खाली फटफटी, वर विमान. काकांची आणि माझी बैठकीतली भांडणं म्हणजे हीच शर्यत.

दुसऱ्या युद्धाने शर्यतींना तेलाच्या जोडीला जागाही दिली. युद्ध संपल्यावर ठिकठिकाणी रिकाम्या धावपट्ट्या उरल्या, सपाट, लांब, रहदारी नसलेल्या. इंग्लंडातला सिल्व्हरस्टोन हा १९४३ चा बॉम्बफेकी वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा तळ. १९४८ मध्ये तिथे मोटारींची ग्रां प्री झाली. आइल ऑफ मॅनच्या रस्त्यावर फार माणसं मरतात म्हणून नामवंत रेसर तिथे जाईनात, तेव्हा १९७७ पासून मोटारसायकलची ब्रिटिश ग्रां प्रीसुद्धा सिल्व्हरस्टोनला गेली. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरम. तीही युद्धकाळातली धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या, देशभरातले रेसर आपापल्या गाड्या घेऊन जात. जावा, येझदी, पुढे राजदूत ३५० आणि आरएक्स १००, अशी आपल्या रस्त्यावरचीच गाडी डोम घासून, पोर्ट कोरून, सायलेन्सर बदलून तिथे पळायची. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टाईला खास ट्रॅक झाला आणि शोलावरम संपलं. आमच्या पिढीच्या मिस्त्रींना शोलावरम हे नाव ऐकलं तरी हात शिवशिवतात. तिथे शिकलेलं ट्यूनिंग हातोहात गावोगाव आलं. पोर्ट किती कोरायचा हे मला ज्यांनी शिकवलं ते उस्ताद तिथल्याच मापांनी बोलायचे.

खनिज तेलं सुधारत गेली तरी एरंडेल शर्यतीतून गेलं नाही. स्पीडवे शर्यतीच्या गाड्या मिथेनॉलवर पळतात आणि एरंडेल मिथेनॉलात छान विरघळतं. पण त्याला जपावं लागतं. ते हवेने राळेसारखं चिकट होतं, रिंगा खाचेत धरून बसतात. शर्यत झाली की गरम आहे तोवरच तेल काढून टाकायचं, दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही. रोजच्या गाडीत ते घालू नका, हे मी पोरांना बजावून सांगतो.

‘क्लोजर टू द एज’मधला गाय मार्टिन आमच्या सगळ्यांचा लाडका. धंद्याने ट्रकचा मिस्त्री. २०१० च्या टीटीत बॅलागॅरीच्या वळणावर तो पडला, गाडीचा आगीचा लोळ झाला, बरगड्या आणि मणके मोडले आणि तो जगला. टीटीचा तो ६० किलोमीटरचा फेरा, दोन्हीकडे दगडी भिंती आणि घरं, आज रेसर १७ मिनिटांच्या आत कापतात. त्याच गाय मार्टिनने २०१४ मध्ये एका स्पिटफायर विमानाच्या पुनर्बांधणीवर माहितीपट केला. मे १९४० मध्ये डंकर्कच्या लढाईत फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाळूत उतरलेलं विमान, १९८६ मध्ये वाळूतून काढलेलं, आणि रिव्हेट रिव्हेट करून पुन्हा उडवलेलं. जे हात ट्रकचं इंजिन खोलायचे तेच हात तिथे होते. तो माहितीपट बघताना काकांनी टीव्ही मध्येच थांबवला आणि पोरांना रिव्हेट कसा बसवतात ते टेबलावर पेन ठोकून दाखवलं. माझ्या लेखी जुन्या यंत्रांचं प्रेम म्हणजे हेच. नुसतं बघून ते भागत नाही.

जेट इंजिनं आली तेव्हा वाटलं असेल की एरंडेलाचं काम संपलं. पण जेटच्या तापमानाला खनिज तेल टिकेना, म्हणून पहिली कृत्रिम वंगणं जी केली त्यांतली महत्त्वाची सेबॅसिक आम्लापासून होती, आणि ते आम्ल एरंडेलापासूनच काढतात. जुनं ब्रेक ऑईल एरंडेल आणि अल्कोहोलचं असायचं. वाहनांत इंधनाच्या नळीला वापरतात ते नायलॉन ११ आजही एरंडेलापासून होतं. जगातली बहुतेक एरंडी आजही भारतातच पिकते, पण ती गुजरातेत. १९६८ मध्ये तिथे जीसीएच-३ हा एरंडीचा संकरित वाण आला आणि मेहसाणा, बनासकांठ्याकडे शेतंच्या शेतं एरंडीची झाली. आमच्याकडे सोयाबीन आलं, धुरे अरुंद झाले, तणनाशक आलं, आणि धुऱ्यावरची एरंडी गेली.

शेतकरी मित्राला यंदा मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, एक धुरा तरी लाव. तो हिशेबाचा माणूस. म्हणाला, “सोयाबीन एका दिवसात काढून होते. एरंडीचे घड काय एका टायमाले पिकतात का? तीन-चार तोडे करा लागते. मजूर कुठून आनू?” त्याचं म्हणणं बरोबर आहे, एरंडी मागे पडली त्याचं निम्मं कारण हेच आहे. मी त्याला सांगितलं, तू बी टोक, तोड्याला आम्ही येतो. काका हो म्हणालेत, पोरंही येणार आहेत.